विषय ‘निकाली’ लागण्याआधी: उद्योग सल्लागार परिषदेचं पहिलं वर्ष

औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या उद्योजक संघटनेने स्वतःची सल्लागार परिषद नेमायची आणि तिच्यामार्फत जिल्हा प्रशासनापुढे विषय मांडायचे, हा ठराव फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. एप्रिल २०२५ मध्ये कामाची पहिली फेरी पुरी झाली. या चौदा महिन्यांत कोणते कागद लागले, कुठे खोळंबा झाला आणि कोणती गोष्ट आधी कळली असती तर दोन-तीन महिने वाचले असते, ते क्रमाने लिहितो आहोत. दुसऱ्या एखाद्या वसाहतीत हेच काम हाती घेणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आधी सरकारी बाजूची रचना. महाराष्ट्रात जिल्हा पातळीवर उद्योगांचे प्रश्न ‘जिल्हा उद्योग मित्र समिती’समोर येतात. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष आणि जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक सदस्य सचिव. एमआयडीसी, वीज वितरण, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कामगार विभाग, औद्योगिक सुरक्षा, पोलीस, स्थानिक संस्था यांचे अधिकारी बैठकीला येतात आणि संघटनांचे प्रतिनिधीही. जिल्ह्यात न सुटणारा विषय विभागीय आयुक्तांच्या समितीकडे जातो. समिती स्वतः परवाना देत नाही, दंड माफ करत नाही, निधीही देत नाही. ज्या खात्याचं काम आहे त्याला ती अध्यक्षांच्या सहीने, मुदत घालून ते करायला सांगते. समितीचा खरा जोर त्या सहीत आहे. ती सही नेमक्या वाक्याखाली यावी, एवढ्यासाठी बाकीची सगळी तयारी करायची असते.

संघटनेची कार्यकारिणी असताना वेगळी परिषद का, हा प्रश्न पहिल्याच सभेत आला. कार्यकारिणीवर सहसा वेळ आणि ऐपत असलेले मोठे कारखानदार निवडून येतात, त्यामुळे सरकारपुढे जाणारे विषयही त्यांचेच असतात. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यातल्या विकास परिषदांची रचना इथे नमुन्यासारखी उपयोगी पडली. त्या कायद्याने परिषदेवर मालक, तांत्रिक जाणकार, कामगार आणि ग्राहक अशा चौघांची बाजू घ्यायला सांगितली आहे. त्याच धर्तीवर तेरा जणांची परिषद ठरली: सूक्ष्म उद्योगांचे तीन, लघु उद्योगांचे तीन, मध्यम व मोठ्या उद्योगांचे दोन, तांत्रिक जाणकार दोन, कामगारांचा एक, वाहतूकदारांचा एक आणि शेजारच्या गावाचा एक. सांडपाणी, रस्ता आणि धूर हे विषय गावाला वगळून मांडले की ते पुढे कधीतरी अडतातच, म्हणून शेवटची जागा ठेवली. तिच्यावर बराच वाद झाला. ती ठेवली हे बरं झालं.

नियमावली सहा पानांची झाली. तिच्यातले चार मुद्दे प्रत्यक्ष कामाला आले.

पहिला गणपूर्तीचा. तेरापैकी सात हजर हवेत, आणि त्या सातांत सूक्ष्म-लघु गटातले किमान तीन हवेत. नुसता ‘सात’ लिहिला तर लहान कारखानदार कामात अडकलेले असताना मोठ्यांच्या बळावर बैठक पार पडते.

दुसरा मुदतीचा. मुदत दोन वर्षांची, पण पहिल्या वर्षाअखेर सहा जण चिठ्ठी काढून निवृत्त. सगळे एकदम बदलले की जुना पत्रव्यवहार कुणालाच माहीत नसतो आणि कार्यालयातली माणसं नव्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावतात.

तिसरा हितसंबंधाचा. एखाद्या विषयात सदस्याच्या स्वतःच्या भूखंडाचा, ठेक्याचा किंवा थकबाकीचा संबंध असेल तर त्याने तो बैठकीच्या सुरुवातीलाच सांगायचा, माहिती द्यायची आणि मत देताना बाहेर थांबायचं. हे इतिवृत्तात नोंदवायचं.

चौथा असहमतीचा. परिषदेचं मत बहुमताने ठरलं तरी विरोधी मत त्याच कागदाला जोडून जाईल. यावरही कुरकुर झाली, ‘आपल्यातलीच फूट कशाला दाखवायची’ अशी. पण अधिकाऱ्याला विरोध बाहेरून कळला तर पुढच्या सगळ्या कागदांवरचा विश्वास जातो. विरोध आपणच कळवलेला असला की तो फक्त दुसरा मुद्दा म्हणून वाचला जातो.

वर्गवारी करताना एक काळजी घ्या. सूक्ष्म-लघु-मध्यम ठरवताना नियमावलीत रुपयांच्या मर्यादा लिहू नका, ‘निवडीच्या दिवशी उद्यम नोंदणीवर (केंद्र सरकारकडची लहान-मध्यम उद्योगांची नोंदणी) असलेला वर्ग’ असं लिहा. याचं कारण पुढे येईल.

मसुदा वकिलांकडून तपासून घेतला, त्याचे ८,००० रुपये लागले. परिषद ही कार्यकारिणीची सल्लागार असल्याने विश्वस्तांची यादी बदलत नव्हती, म्हणून तेवढ्यासाठी धर्मादाय कार्यालयात जावं लागलं नाही. तिथला जुना घोळ मात्र याच वेळी बाहेर आला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, द्यावा लागतो. मागच्या दोन निवडणुकांचे अर्ज दिलेच नव्हते. परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, जी नावं होती त्यांतले दोघे हयात नव्हते. उद्योग केंद्रात प्रतिनिधी नेमल्याचं पत्र देताना ‘सही करणाऱ्याला अधिकार कुणी दिला’ असं विचारलं गेलं तर दाखवायला काही नव्हतं. विलंब माफीच्या अर्जासह दोन्ही बदल अर्ज दाखल केले, त्यांच्या पोचपावतीची प्रत आणि सर्वसाधारण सभेचा ठराव पत्राला जोडला, तेव्हा प्रतिनिधीचं नाव नोंदवून घेतलं गेलं. तुमच्या संघटनेचं परिशिष्ट एक आजच काढून पाहा. यात सर्वांत जास्त वेळ जातो आणि तो आधी घालवता येतो.

पत्र ११ मार्चला आवक झालं. १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात, त्यामुळे बैठका लांबल्या. निकाल ४ जूनला लागला आणि पहिली बैठक मिळाली ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. चार महिने हाताशी होते, पण वाट पाहताना मन खचतं, सदस्यांची हजेरी घटते, आपण उगाच हे काढलं असं वाटू लागतं. त्या काळात एक काम नेमून घ्या. आम्ही वीजपुरवठ्याच्या नोंदी घ्यायला बसलो, आणि वर्षभरात जे काही साध्य झालं त्याचा पाया तिथे पडला.

ते काम जरा जवळून सांगतो. वसाहतीतली तक्रार जुनी होती: ‘दिवसातून चार वेळा लाइट जाते.’ असं वाक्य बैठकीत काहीच करू शकत नाही, कारण समोरचा अधिकारी आपल्या महिन्याच्या आकडेवारीवर बोट ठेवतो आणि तिथे चार वेळा दिसत नाही. म्हणून एक तक्ता केला: तारीख, वीज गेल्याची वेळ, आल्याची वेळ, पूर्ण बंद की नुसता झटका, कोणतं यंत्र थांबलं, फीडर (उपकेंद्रातून वीज आणणारी वाहिनी) कोणता. बावीस कारखान्यांना दिला. पहिल्या महिन्याचे तक्ते फुकट गेले. कुणाचं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, कुणाचं मागे. एकच खंड तीन वेळा मोजला गेला होता. तो तक्ता तसाच नेला असता तर सगळा विषय तिथेच हसण्यावारी गेला असता. दुसऱ्या महिन्यापासून वेळ फक्त मोबाइलवरची लिहायची आणि नोंद पाळीच्या फोरमननेच करायची असं ठरवलं. उच्चदाब ग्राहकांच्या मीटरमध्ये वीज गेल्या-आल्याची नोंद राहते. अशा तीन कारखान्यांचे मीटरचे अहवाल मागवून आमच्या नोंदी त्यांच्याशी ताडून पाहिल्या.

तेव्हा खरा प्रश्न दिसला. मोठे खंड थोडेच होते. त्रास होता क्षणिक झटक्यांचा. दाब क्षणभर खाली येतो, कॉन्टॅक्टर (यंत्राला वीज जोडणारा स्विच) सुटतो, सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारं यंत्र मधेच थांबतं, टूल तुटतं आणि जॉब, म्हणजे त्यावर घडत असलेला भाग, रद्द होतो. प्लॅस्टिक मोल्डिंगच्या यंत्रात बॅरलमधला माल थंड पडतो आणि तापमान परत यायला बराच वेळ जातो. वीज मात्र दोन सेकंदांत आलेली असते. मासिक आकडेवारीत हे झटके बुडून जातात. आणि बहुतेक सगळे एकाच फीडरवर, वाऱ्या-पावसाच्या दिवशी. म्हणजे फांद्या आणि सैल जोड.

आता मागणी बदलली. ‘वीजपुरवठा सुरळीत करावा’ ऐवजी ‘अमुक फीडरवरील अमुक खांबांदरम्यान संयुक्त पाहणी करून फांद्यांची छाटणी व जोडांची दुरुस्ती १५ दिवसांत करावी’. त्या खोलीत बसलेल्या एका माणसाला, त्याच्या अधिकारात आणि सध्याच्या निधीत करता येईल अशीच मागणी लिहायची. ‘धोरणात बदल करा’ हे जिल्हा समितीत मागितलं की ‘शासनास कळवण्यात यावे’ एवढाच शेरा पडतो आणि वर्षभर तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं.

विषयाची टिपणी एक पानाची. वर विषय, मग सद्यस्थिती, किती कारखाने बाधित, कोणतं कार्यालय जबाबदार, आधीचा पत्रव्यवहार (जावक क्रमांक व दिनांक), नियमाचा आधार, आणि शेवटी मागणी एका वाक्यात. बाकी सगळं जोडपत्रात. ही टिपणी बैठकीच्या किमान दहा दिवस आधी सदस्य सचिवांकडे आवक करा आणि पोच घ्या. मग ती संबंधित खात्याकडे अहवालासाठी जाते आणि अधिकारी उत्तर घेऊन येतो. ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून उभं राहून मांडलं तर अधिकारी ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणतो, आणि त्याचं काही चुकत नाही. आपला एक महिना जातो.

विषय चुकीच्या दारात नेऊ नका. पहिल्या यादीत आमचे सतरा विषय होते, त्यांतले सहा समितीचे नव्हतेच. मोठ्या खरेदीदाराने बिल थकवलं तर त्यासाठी २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याखाली सुलभीकरण परिषद आहे. त्या कायद्याने पैसे द्यायची कमाल मुदत ४५ दिवसांची आहे आणि उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तिथे ज्याचे पैसे अडले त्यानेच अर्ज करायचा असतो. एमआयडीसीतही दारं वेगळी: भूखंडाचं हस्तांतरण, मुदतवाढ हे प्रादेशिक अधिकाऱ्यांकडे, रस्ता, पाणी, गटार हे कार्यकारी अभियंत्यांकडे. रस्त्याचं पत्र प्रादेशिक कार्यालयात दिलं तर ते आतल्या आत फिरत राहतं.

जुलैच्या पहिल्या बैठकीला दोघे गेलो. नेहमी दोघेच जा: एक बोलेल, दुसरा लिहील. लांब टेबल, नावांच्या पाट्या, समोर पंधरा-वीस अधिकारी. घशाला कोरड पडते. एका विषयाला जेमतेम चार-पाच मिनिटं मिळतात, त्यामुळे पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली की वेळ संपते. मागणीचं वाक्य आधी वाचायचं. आमचे पाच विषय होते, तीन चर्चेला आले. विजेच्या विषयावर संयुक्त पाहणीचा आदेश झाला आणि तो मिळाला म्हणून आम्ही खूश होऊन परतलो.

पण बैठकीतला आदेश इतिवृत्तात उतरला नाही तर तो झालाच नाही. इतिवृत्त एकोणीस दिवसांनी आलं. विजेच्या विषयापुढे लिहिलं होतं: ‘चर्चा झाली. संबंधितांनी कार्यवाही करत असल्याचे सांगितले. विषय निकाली.’ संयुक्त पाहणी नाही, मुदत नाही. यात कुणाचा दुष्टावा होता असं मानायचं कारण नाही, लिहिणाऱ्याकडे पन्नास विषय असतात. पण ‘निकाली’ शब्द पडला की पुढच्या कार्यसूचीतून विषय गळतो आणि तो परत आणायला नव्याने सगळं करावं लागतं. तिसऱ्या दिवशी सदस्य सचिवांना पत्र दिलं: अमुक विषयात अध्यक्षांनी संयुक्त पाहणीचे निर्देश दिले होते, इतिवृत्तात तशी दुरुस्ती व्हावी. सोबत आमच्यातल्या लिहिणाऱ्याने त्याच दिवशी टिपलेल्या नोंदी. प्रत्येक बैठकीचा पहिला विषय ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ हा असतो. हरकत घ्यायची ती तिथेच, शांतपणे, पत्राचा आवक क्रमांक सांगून. ऑगस्टच्या बैठकीत दुरुस्ती झाली आणि ‘१५ दिवसांत संयुक्त पाहणी, अहवाल पुढील बैठकीत’ असं वाक्य आलं.

इतिवृत्त वाचताना शब्द तोलून बघा. ‘नोंद घेण्यात आली’ म्हणजे काही होणार नाही. ‘कार्यवाही करावी’ म्हणजे होईल, पण कधी ते कुणाला माहीत नाही. ‘अमुक कार्यालयाने अमुक तारखेपर्यंत अनुपालन अहवाल सादर करावा’, म्हणजे आदेशाप्रमाणे काय केलं ते लेखी कळवावं, हे वाक्य मिळवायचं.

पाहणी ६ सप्टेंबरला झाली. पाहणीचा अहवाल जागेवरच हाताने लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ‘ऑफिसात टाइप करून पाठवतो’ म्हटलं की तो महिनाभर येत नाही आणि आला तरी मुद्दे गाळलेले असतात. खांबांचे क्रमांक, फोटो, कुठला जोड सैल, किती फांद्या, सगळं दीड पानात बसलं. छाटणी सप्टेंबरअखेर झाली. जोडांचं काम १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागल्यावर पुन्हा मागे पडलं आणि डिसेंबरमध्ये पुरं झालं. नंतरच्या तीन महिन्यांचे तक्ते तसेच चालू ठेवले. झटके थांबले नाहीत, बरेच कमी झाले. तेच तसं समितीला लिहून कळवलं. काम झालं तेव्हाही कळवायचं, ज्या अभियंत्याने ते केलं त्याच्या पदनामासह. तक्रारीसाठीच तोंड उघडणाऱ्या संघटनेची पत्रं पुढे कुणी मनापासून वाचत नाही.

परिषदेच्या आतलं सगळ्यांत अवघड प्रकरण ऑक्टोबरमध्ये आलं. पावडर कोटिंगचं जॉबवर्क करणाऱ्या काही सदस्यांनी ‘सगळ्यांचा एकच किमान दर ठरवूया’ असा विषय काढला. त्यांची अडचण खरी होती, दर इतके पडले होते की भट्टीचा गॅस निघत नव्हता. तरी परिषदेच्या अध्यक्षांनी चर्चा तिथेच थांबवली आणि थांबवल्याची नोंद इतिवृत्तात घेतली. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं हा स्पर्धेला मारक करार मानला जातो, मग तो तोंडी का असेना, आणि संघटनाही त्यात सापडते. २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांबरोबर त्यांच्या संघटनेलाही दंड केला होता. ते प्रकरण पुढे वर्षानुवर्षं अपिलात चाललं. परिषदेत दर, सवलत, निविदा कोण भरणार, कुणाला माल द्यायचा नाही, हे चार विषय निघालेच नाही पाहिजेत. सरकारला द्यायची उत्पादनाची आकडेवारी बंद पाकिटात फक्त चिटणीसाकडे येते, आणि किमान पाच कारखान्यांची बेरीज झाल्याशिवाय ती कुणालाही दाखवली जात नाही.

अधिकाऱ्यांच्या भेटींचं एक साधं रजिस्टर ठेवलं आहे: तारीख, ठिकाण, कोण हजर, विषय, दिलेले कागद. बैठकीबाहेरची प्रत्येक भेट त्यात लिहायची. भेटवस्तू नाही, दिवाळीचा डबा नाही, शाल-श्रीफळही नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मुळे अधिकाऱ्यालाच त्याचा त्रास होतो, आणि परिषदेच्या शब्दाला जी काही किंमत असते ती एका डब्याने उतरते.

नियमांच्या मसुद्यांवर हरकती-सूचना देणं हे परिषदेचं दुसरं मोठं काम. केंद्राच्या २०१४ च्या पूर्व-विधी सल्लामसलत धोरणाप्रमाणे मसुदा किमान ३० दिवस खुला असावा लागतो, पण आपल्या हाती तो येतो तेव्हा निम्मे दिवस गेलेले असतात. म्हणून एका सदस्याला राजपत्र आणि खात्यांची संकेतस्थळं दर सोमवारी बघायचं काम दिलं. सूचना पत्रात लिहू नका, तक्त्यात लिहा: कलम, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण. वाचणाऱ्याला नुसता उतारा उचलून टिपणीत टाकता यावा.

डिसेंबरमध्ये एक अनुपालन अहवाल दोनदा मागूनही मिळेना, तेव्हा माहिती अधिकारात अर्ज केला. शुल्क १० रुपये, झेरॉक्स पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसणारा हवा. अहवाल सव्विसाव्या दिवशी आला. हा मार्ग शेवटी वापरा, आणि वापरण्याआधी सदस्य सचिवांना सांगा. नातं तुटत नाही.

खर्चाचा हिशेब असा: अर्धवेळ लिपिकाचे महिना ५,००० प्रमाणे वर्षाचे ६०,०००, वकील ८,०००, टपाल-झेरॉक्स ४,२००. एकूण ७२,२०० रुपये. चौसष्ट कारखान्यांनी प्रत्येकी सारखेच १,२०० रुपये भरले, ७६,८०० जमले, ४,६०० शिल्लक. एका मोठ्या कारखान्याने सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. ती मनापासून होती, तरी नाही म्हटलं. लिपिकाच्या पगारात काटकसर करू नका. तक्ते, पोच, जावक क्रमांक हे सगळं त्या एका माणसावर उभं असतं.

मार्च २०२५ च्या बैठकीपर्यंत आमच्या अकरा विषयांपैकी चार पूर्ण, पाच मुदतीसह चालू आणि दोन विभागीय समितीकडे गेले होते. सहा निवृत्त सदस्यांच्या चिठ्ठ्या काढायच्या, तोच १ एप्रिलपासून एमएसएमईच्या मर्यादा बदलल्या. सूक्ष्म उद्योगाची गुंतवणूक मर्यादा १ कोटीवरून अडीच कोटी आणि उलाढाल ५ कोटींवरून १० कोटी झाली. लघुची अनुक्रमे २५ आणि १०० कोटी. लघु गटातून आलेले दोन सदस्य एका रात्रीत सूक्ष्म झाले. नियमावलीत ‘निवडीच्या दिवशी असलेला वर्ग’ असं लिहिलेलं असल्याने त्यांच्या जागा तशाच राहिल्या. नवे सहा मात्र नव्या वर्गानुसार घ्यायचे आहेत, म्हणून लिपिक सध्या चौसष्ट कारखान्यांची उद्यम प्रमाणपत्रं पुन्हा गोळा करतो आहे. एकेचाळीस आली आहेत.